पाण्याला सांगायचं राहिलेलं स्वप्न

आज कामावर जाताना जळोचीच्या पुलावर ओल्या गाळाचा वास आला. कॅनॉलला पाणी सुटलं होतं. मी गाडी थांबवली.

आमच्याकडं वाईट स्वप्न पडलं की ते सकाळी आधी वाहत्या पाण्याला सांगतात. माझे वडील, आमचे तात्या, पुण्याच्या दवाखान्यात होते तेव्हा आई असंच एक स्वप्न घेऊन कॅनॉलवर गेली. मागोमाग मी. कॅनॉल कोरडा होता. तळाला तडकलेला चिखल, त्यात रुतलेली कुणाची तरी चप्पल. आई काठावर बसूनच राहिली.

"मला सांग की," मी म्हटलं.

"माणसाला सांगितलं तर खरं व्हतंय, बाये. पाणी सुटू दे."

पाणी सुटायच्या आत तात्या गेले.

पुढं मी समुपदेशक झाले. बोलून मन हलकं करायची ही विद्या परदेशात जन्मली, असं आम्हाला शिकवलं. मला मात्र तो कोरडा कॅनॉलच दिसायचा. अनोळखी माणसं समोर बसून मला आपली स्वप्नं सांगतात. आईनं कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "पाण्याला सांगायचं ऱ्हायलं, म्हणून तात्या गेलं. आता तुला सांगून तुलाबी घालवू व्हय?"

मागच्या हिवाळ्यात तीही गेली. आज कॅनॉल काठोकाठ वाहतोय, आणि त्याला सांगायला माझ्याकडं तिचं स्वप्नच नाही.