करंगळी सोडून नऊ पेरं

उजव्या हाताचा अंगठा ती त्याच हाताच्या पहिल्या बोटाच्या बुडाशी टेकवायची आणि डोळे बारीक करून एकेका पेरावरून वर चढवत न्यायची. एक पेर म्हणजे एक महिना. तीन बोटं संपली की नऊ. ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला की ती महिन्याचं नाव घ्यायची आणि उरलेली करंगळी जराशी उचलून म्हणायची, "ही देवाची. ही आपून मोजायची नाय."

बाळंतपणं करणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकींचं काम कळा सुरू झाल्यावर लागतं. हिचं काम त्याच्या नऊ महिने आधी सुरू व्हायचं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी.

कडावपासून कोसभरावर, नदीच्या काठाला आमचं गाव. मी तिथे चार इयत्तांच्या शाळेवर मास्तर. शाळेच्या मागच्या आळीत ती एकटी राहायची. साठीची, काटकुळी, कानाने तल्लख. नदीच्या दोन्ही काठांवरच्या पाच गावांची ती सुईण होती. सगळे तिला बाय म्हणायचे. मीही बाय म्हणू लागलो, आणि तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही.

दसरा झाला की ती घरोघर फिरायला लागायची. त्यामागे हिशेब असा होता. गावातले निम्मे तरुण मुंबईला गिरणीत होते, काही घाटात ठाकुरवाडीकडे रेल्वेच्या कामावर. ते वर्षातून दोनदा घरी यायचे, दिवाळीला आणि शिमग्याला. शिमग्याला दिवस राहिले तर बाळंतपण मार्गशीर्षात. नवं भात घरात आलेलं, लाकूड सुकं, नदी गुडघाभर. पण दिवाळीच्या अवसेपासून नऊ पेरं मोजा. अंगठा बरोबर आषाढातल्या दिव्याच्या अवसेवर येतो. तेव्हा कणग्या तळाला गेलेल्या असतात, बाया दिवसभर चिखलात वाकून भाताची आवणी करत असतात, बाळंतिणीला शेकायला सुकं लाकूड नसतं, पोराला गुंडाळायला सुकं फडकं नसतं. आणि नदी फुगली की या काठाचं माणूस त्या काठाला जात नाही.

म्हणून ती सासवांना सांगायची, सुनेला दिवाळीला माहेरी धाडा आणि भाऊबीज झाली म्हणून लगेच आणू नका. संक्रांत होऊ द्या, म्हणजे गावातच राहणाऱ्यांचं मूलही पाऊस संपल्यावर होईल. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, तीन पेरं. "एकच बोट थांबा," ती म्हणायची. सासवा कुरकुरायच्या, कापणी-झोडणीला हात कमी पडतात म्हणायच्या. सुना मात्र तिच्यावर खूष असायच्या. त्यांना तीन महिने माहेर मिळे.

गिरणीवाले तिच्यावर रागावलेले असत. एकदा माझ्यासमोरच एकाने तिला अडवलं.

"बाय, वरसातनं दोन वेळा घरी येतो. त्यातल्या एका वेळंला तू मला नुसत्या करंज्या खायला लावतेस."

"मग खा की. तुज्या आयशीनं केल्यात, वंगाळ नाय हायत."

"आन् मी परत जाऊ तसाच?"

"शिमग्याला ये रं. शिमगा काय पळून चाललाय?"

ऐकणारे हसले, तोही हसला. बायकोला त्याने दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं.

या आग्रहामागची एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. पूर्वी एका श्रावणात पलीकडच्या काठाला एक पोर अडली. पूर चढलेला. बाय काठावर उभी राहिली आणि पलीकडे उभ्या असलेल्या एका गवळ्याला ओरडून एकेक गोष्ट सांगू लागली. तो धावत झोपडीच्या दाराशी जाऊन ते आतल्या बायकांना सांगायचा आणि त्यांचं उत्तर घेऊन परत काठावर यायचा. असं दिवस मावळेपर्यंत चाललं. पोर वाचली, मूल वाचलं नाही. त्यानंतर आठ दिवस बायचा आवाज बंद होता. तो गवळी तर पुढे वर्षभर लाजून बायकांच्या समोर येत नव्हता. पुरुषाच्या तोंडून कधी जाऊ नयेत असे शब्द त्याने दिवसभर नदीवर ओरडले होते.

माझी बदली या गावी झाली ती लढाईच्या दिवसांत, चैत्र संपता संपता. माझ्या पत्नीला तेव्हा पाचवा महिना होता. बाय पहिल्याच दिवशी पाण्याची घागर घेऊन आली. पत्नीकडे एकदा पाहिलं, पदराआड अंगठा फिरवला, आणि काही बोलली नाही. झालेल्या गोष्टीबद्दल ती कधी बोलत नसे.

श्रावणात मुलगा झाला. शाळेला लागून असलेल्या आमच्या खोलीत ओल भिंतीतून वर चढत होती. शेगडीत ओलं लाकूड नुसतं धुमसत होतं. बाय स्वतःच्या घराचा एक वासा काढून तो जाळायला घेऊन आली. जेवढे दिवस वासा पुरला, तेवढे दिवस मूल उबेत होतं. नवव्या दिवशी ते गेलं.

मी पुस्तकांचा माणूस. दुःख झालं की मी काहीतरी वाचत बसतो. त्या दिवसांत मी शाळेचं जुनं दाखल रजिस्टर वाचत बसलो. माझ्या आधीचे मास्तर चिकित्सक असावेत; त्यांनी आयांना खोदून विचारून प्रत्येक मुलाचा मराठी जन्ममहिना लिहिला होता. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की आषाढ आणि श्रावण या दोन महिन्यांत जन्मलेलं मूल शाळेत जवळजवळ नाहीच. मला जरा बरं वाटलं. वाटलं, या भागात त्या दिवसांत मुलं कमीच होत असतील. आमचं नशीब तेवढं आड आलं.

दसऱ्यानंतर बाय आमच्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा मी तिला ते सांगितलं. "बाय, आखाड-श्रावणात आपल्याकडे मुलं कमी जन्मतात. रजिस्टरात आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. दया येते तसं पाहिलं.

"जल्मतात, मास्तर," ती म्हणाली. "तुमच्या शाळंपोतर येत नायत."

आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मग ज्या कामासाठी ती आली होती, ते तिने सांगितलं. बायकोला माहेरी धाडा. एक बोट थांबा. पुढच्या दसऱ्या-दिवाळीला पोर होईल, सुक्या दिवसांत, नव्या भाताच्या पेजेवर.

त्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. बोललो म्हणजे मी बोललो. गिरणीवाल्यांचं ठीक होतं, ते तसेही घरी नसत. आम्ही दोघं एका घरात राहणारी माणसं. पत्नीचं म्हणणं एवढंच होतं की तिला जायचं नव्हतं. मूल गेलेल्या घरातून तिला एकटं निघायचं नव्हतं आणि मलाही एकट्याला ठेवायचं नव्हतं. "इथंच राहून थांबू की," ती म्हणाली. मी म्हणालो, माणसाचा भरवसा नसतो. ती लाजली नाही, हसलीही नाही. रजिस्टर अजून कोनाड्यात होतं. तिकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही."

मी ठरवलं.

तिचं माहेर खालापूर तालुक्यात, साजगावच्या अंगाला. वसुबारसेच्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. बाय निरोप द्यायला आली होती. पत्नीने तिच्यापुढे हात धरला आणि बायने तिच्या पहिल्या बोटाच्या तीन पेरांना अंगठ्याने हळूच दाबलं.

तिची कार्डं यायची. पोस्टाचं कार्ड वाटेत दहाजण वाचतात, म्हणून ती जपून लिहायची. कार्तिक संपल्यावर आलं, "पहिलं पेर झालं. तुम्ही जेवता ना?" मार्गशीर्षाच्या मध्यावर आलं, "दुसऱ्याचं अर्धं झालं. जरा कणकण आहे, काळजी नको." बाय रोज विचारायची, कार्ड आलं का. मी वाचून दाखवायचो. "शहाणी गं माजी बाय," ती म्हणायची.

तिसरं कार्ड तिच्या वडिलांच्या अक्षरात होतं. त्या साली हिवताप सगळीकडेच होता, आणि लढाईमुळे त्यावरचं औषध, कोयनेल, मिळेनासं झालं होतं. मी कर्जतला आठ गोळ्या मिळवल्या आणि खोपोलीची गाडी धरली. गोळ्या तशाच परत आणल्या.

पावसात काही होऊ नये म्हणून मी तिला लांब ठेवलं होतं. ती गेली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, नदीत पाणी घोट्याएवढं होतं आणि खळ्यात नवं भात पडलेलं होतं.

मी परतलो तेव्हा बाय ओट्यावर बसलेली होती. कुणी सांगितलं होतं तिला, ठाऊक नाही. तिचा उजवा हात मुठीत मिटलेला होता. मी तिच्या बाजूने आत गेलो आणि दार लावून घेतलं. त्यानंतर कितीतरी महिने तिच्याशी बोललो नाही. लपवत नाही, मला तिचा राग होता. तिला रोज दारावरून जाताना बघायचो आणि पुस्तकात मान घालायचो. आपण स्वतः घेतलेल्या निर्णयाचा राग दुसऱ्यावर काढणं किती सोपं असतं, हे तुम्हीही केव्हातरी अनुभवलं असेल.

पुढचा दसरा आला. बाय फिरली नाही. कुणी काही विचारलं तर म्हणे, मला आता मोजता येत नाय. बोटं वाकली. दिवाळीला माहेरी गेलेल्या सुना भाऊबीज होताच दोन दिवसांत परत येऊ लागल्या. शाळेच्या खिडकीतून मला रस्ता दिसायचा. एकेक गाडी येताना दिसली की मी नकळत मोजू लागे. अंगठा माझाच असे, बोटंही माझीच. शेवटी येऊन थांबे तो आषाढावर.

चौथी गाडी आली त्या दिवशी मी शाळा लवकर सोडली आणि तिच्या घरी गेलो. घराच्या आढ्याला त्या काढलेल्या वाशाच्या जागी दुसरा अजून बसवलेला नव्हता. तिथून उजेड आत येत होता. ती तांदूळ निवडत होती.

मी उभ्यानेच म्हणालो, "बाय, मोजायला लाग."

"कुठल्या तोंडानं सांगू, मास्तर? तुमची बाय माज्या सांगण्यानं गेली."

"पाठवली मी."

"मोजलं मी."

"तू नऊ पेरं मोजलीस. करंगळी तू कधीच मोजली नव्हतीस."

तिचा हात सुपात थांबला. मग म्हणाली, "तुमाला राग नाय?"

"आहे," मी म्हणालो. "पण ती मुलं माझ्या शाळेत यायची आहेत."

ती हसली नाही. सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्या आधी दाराबाहेर पडली. आळीच्या तोंडाशी तो गिरणीवाला उभा होता. तिला येताना बघून तो म्हणाला, "आलं का गं बाय तुजं बोट परत?" तिने त्याला थांबून एक शिवी दिली. वर्षभरात तिचा तेवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. चारपैकी तीन गाड्या त्या आठवड्यात परत फिरल्या. चौथीचं मूल पुढच्या आषाढात झालं आणि तेही जगलं. बायने यावेळी दोन वासे काढले होते.

त्यानंतर चार वर्षं ती होती. गेली ती चैत्रात, दोन दिवसांच्या तापाने. नदी कोरडी होती. पलीकडच्या काठाची माणसं पात्रातल्या दगडांवरून चालत आली, बाया आल्या, कडेवर पोरं घेऊन आल्या. पात्रात इतकी माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. तो गवळी आता म्हातारा झाला होता. तो पलीकडच्या काठावरच बराच वेळ उभा राहिला, जणू इकडून काही सांगितलं जाईल म्हणून. मग तोही आला.

मी पुन्हा लग्न केलं नाही. शाळा तीच आहे. या दसऱ्यानंतर एक नवी सून सासूला घेऊन ओट्यावर आली आणि खाली मान घालून म्हणाली, मास्तर, तुमाला बायचं मोजणं येतं म्हणतात. गावात आता पंचांग आहे, कर्जतहून कॅलेंडरं येतात, पण त्यांना बोटंच हवी असतात. मी अंगठा पहिल्या बोटाच्या बुडाशी टेकवला. पहिल्या बोटावर मला थोडा वेळ लागतो. त्या तीन पेरांवर लागतोच.

नऊ झाली. मी महिन्याचं नाव सांगितलं. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती.

"आन् ही, मास्तर?" तिने विचारलं.

बाय असती तर म्हणाली असती, ही देवाची. माझ्या तोंडून ते येत नाही.

"ती राहू दे," मी म्हणालो, आणि हात मिटला.