डॉ. शरबासींची गटचर्चा

तांता शहरातल्या विज्ञान महाविद्यालयात डॉ. मुतवल्ली शरबासी पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवायचे. सत्तावीस वर्षं तीच टिपणं आणि तेच दोन विनोद. विनोद कुठे येतो हे समोरच्या आठशे पोरांना आधीच ठाऊक असायचं, कारण जुन्या झेरॉक्समध्ये तिथे कुणीतरी 'हसावे' असं लिहून ठेवलं होतं. आपल्याइतकं सोपं करून सांगणारा अख्ख्या नाईलकाठी दुसरा नाही, हे डॉक्टर अगदी मनापासून मानत.

आणि एके दिवशी डीननी बोलावून घेतलं.

"कैरोहून गुणवत्ता समिती येतेय. व्याख्यान बंद. पोरं गट करून एकमेकांना शिकवतील."

"आणि मी काय करू? फळा पुसू?"

"हसतमुखानं वर्गात फिरा. जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा, डॉ. इंजी आहेच."

इंजी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, नुकतीच जर्मनीहून परतलेली. आपला विषय कालच्या पोरीकडे जाणार म्हटल्यावर डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "जमतं की! त्यात काय एवढं?"

मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. गटचर्चा या विषयावर त्यांनी सलग तीन तास व्याख्यान दिलं. एवढ्यावर भागेना, तेव्हा सबंध चर्चाच उतरवून दिली. पहिल्यानं शंका विचारावी. दुसऱ्यानं 'वा, छान शंका!' म्हणावं. तिसऱ्याला थोडा वेळ समजू नये.

मागून कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, हे परीक्षेला आहे?"

"आहे तर!" डॉक्टर ठसक्यात म्हणाले. पोरांनी मन लावून करावं एवढाच त्यांचा हेतू, पण इथेच घात झाला. परीक्षेला काय येईल याचा नेम नाही, म्हणून एकूण एक पोरानं तिघांचीही वाक्यं घोकली.

समिती आली. बाकं जमिनीला ठोकलेली, तेव्हा गट करायचा म्हणून निम्मी पोरं बाकांवर उलटी गुडघे टेकून बसली. डॉक्टरांनी हसतमुखानं खूण केली, आणि आठशे गळ्यांतून एकदम शंका निघाली. पाठोपाठ आठशेजण गरजले, "वा, छान शंका!" मग आठशेजणांना एकाच वेळी समजेनासं झालं. सभागृह चिडीचूप.

"हे काय चाललंय?" समितीच्या बाईंनी विचारलं.

"एकमत, मॅडम," डीन म्हणाले. "आमच्या पोरांत मतभेद म्हणून नाहीत."

बाईंना त्या दिवशी आणखी दोन महाविद्यालयं बघायची होती, आणि डीनच्या खोलीत गरमागरम फतीर, लोण्यानं निथळणारी पदरांची पोळी, वाट बघत होती. त्यांनी लिहिलं: सहभाग शंभर टक्के.

विषय वाचला! डॉक्टर शीळ घालत मागच्या जिन्यानं उतरू लागले. या जिन्यानं ते कधी येत नसत. खाली पायऱ्यांवर दहाबारा पोरं दाटीवाटीनं बसली होती आणि नवारा नावाची एक किडकिडीत मुलगी पिशवीतली तअमियाची भजी काढून मांडत होती.

"एका पावात दोन भजी. पाव दहा, भजी सहा. किती पावांचं काम होईल?"

"तीनच!"

"मग आधी काय संपलं? भजी. जे आधी संपतं तेच ठरवतं किती बनणार. रसायनाचंही हेच, गाढवांनो!"

"एवढंच होय?" एकजण कपाळावर हात मारून म्हणाला. "मग ते डॉक्टर दोन आठवडे काय सांगत होते?"

"ते पेपरात लिहायचं. समजायला इथे यायचं. माझी ताईसुद्धा तिच्या वेळी याच पायऱ्यांवर शिकली."

वरच्या पायरीवर डॉक्टर कठडा धरून उभे राहिले. सत्तावीस वर्षं! पण भज्यांचं उदाहरण त्यांना आवडलं होतं, खरोखर आवडलं होतं, आणि पुढे ती काय सांगते ते ऐकायची त्यांना मनापासून इच्छा झाली.

तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. सगळी धडपडून उठली. नवारानं भजी पाठीमागे लपवली.

"बसा, बसा," डॉक्टर म्हणाले. ते खाली आले आणि त्यांच्यातच एका पायरीवर बसले. "मी ऐकतोय. तूच सांग, बेटा. पुढे बोल."

पोरांनी पटापट वह्या उघडल्या आणि लिहून घेतलं: पुढे बोल.