एक शब्द जास्त

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या कवीला सगळे 'कविराज' म्हणत. वाचनालयाच्या माडीवर गाणं असो की चित्रांचं प्रदर्शन, फलक रंगवण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत हा हजर. स्वतःची कविता मात्र त्याने कधी पुढे केली नव्हती. यंदा तिथल्या कार्यक्रमासाठी गाणाऱ्या बाईंनीच त्याच्या एका कवितेला चाल लावली आणि कविराजाचे पाय जमिनीवर ठरेनात.

तालमीत घोडं अडलं. 'पहाटेनं अलगद दार उघडलं' या ओळीपाशी दर वेळी ताल सुटायचा.

"एक शब्द जास्त होतोय," बाई म्हणाल्या.

"मग चाल बदला. शब्दाला हात लावायचा नाही," म्हणत कविराज तोंड फुगवून बसला.

त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. कोपऱ्यात मशीनवर ती मंचाचा पडदा शिवत होती. ऐकून ऐकून ओळ तिच्या तोंडी बसली होती. ती आपल्याच नादात गुणगुणली, "पहाटेनं दार उघडलं..." तबलजीचा ठेका आपोआप तिच्या गुणगुणण्याशी जुळला. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"काय झालं?" ती म्हणाली. "अरे, पहाट कधी दार आपटते का? मग अलगद कशाला सांगायला हवं?"

कविराजाने डोकं खाजवलं आणि खो खो हसत वहीतला शब्द खोडला.

कार्यक्रमात लोकांनी ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्याच दिवशी तो चार नव्या कविता घेऊन बहिणीकडे गेला.

"ऐकते," ताई म्हणाली, "आधी या सुईत दोरा ओवून दे."