गेजवरची टिकली

बाबांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, मोठेबाबांच्या जुन्या पिकअपमध्ये एसी लावून बसले होते. मे महिन्यातली दुपार होती. वरच्या वॉर्डात मोठेबाबांना फार उकडत होतं, म्हणून मी घरून त्यांचा पातळ सदरा आणला होता. वर जायच्या आधी पाच मिनिटं थंड हवेत बसावं, एवढाच विचार होता. बाबा म्हणाले, "वर ये. आता घाई नको करू." तेवढ्यावरून कळलं. मी एसी बंद केला नाही. सदरा मांडीवर घेऊन बसून राहिले. डॅशबोर्डच्या जाळीतून येणारी हवा इतकी गार होती की बोटं बधिर झाली. तो एसी मोठेबाबांनी गेल्या वर्षी माझ्यासमोर, तीन दिवस खपून दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो एकदाही बिघडला नाही...

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. हिंगणा रोडला त्यांचं गाड्यांच्या एसीचं दुकान होतं: एक शटर, पुढे टिनाचं छप्पर आणि त्याखाली जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. त्यांना मूलबाळ नव्हतं. खालच्या मजल्यावर ते आणि मोठी आई, वर आम्ही. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट त्यांचाच. त्याचा परिणाम असा झाला की घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्यासमोर यायचा. गाडीचं मॅन्युअल असो की विजेच्या खात्याची नोटीस, ते पाटावर बसल्यासारखे पाय दुमडून बसायचे आणि म्हणायचे, "वाच वं बेटा, काय म्हणून राहिला तो साहेब?" मॅन्युअल लिहिणारा त्यांच्यासाठी कायम 'तो साहेब' असे. मी वाचून मराठीत सांगायची. मध्येच ते हात वर करायचे. "साहेबाले नागपूरचं ऊन मालूम नाही. पुढं वाच." मी फारसं बोलणारी मुलगी नाही. पण ते काम मला आवडायचं, कारण त्यात माझं स्वतःचं काही बोलावं लागत नसे.

त्यांचा एक नियम होता, आणि त्यापायी बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडे जात. लोक यायचे आणि गाडीतूनच सांगायचे, भाऊ, गॅस संपला, भरून द्या. मोठेबाबा चिडत. "गॅस काय पेट्रोल हाये का, जळून संपाले? गेला म्हणजे कुठून तरी गेला. पहिले ते पाहू." गळती सापडल्याशिवाय ते गॅस भरत नसत. सापडली, बुजवली, की मग मशीन लावून नळ्यांमधली सगळी हवा खेचून काढायची. दाब दाखवणाऱ्या गेजची सुई शून्याच्या खाली जाऊन थांबली की मशीन बंद करायचं आणि अर्धा तास नुसतं बसायचं. सुई हलली, तर अजून कुठे तरी भोक आहे. डोळ्यांची फसगत नको म्हणून ते काचेवर सुईच्या टोकाशी एक टिकली चिकटवायचे. मोठ्या आईच्या पाकिटातली, मरून रंगाची. ती ओरडायची, "माह्या टिकल्या गाडीले लावता, अन् मले आणाले विसरता!" ते म्हणायचे, "तुह्या कपाळावरची हलत नाही, म्हणून तुही घेतो."

ती पिकअप त्यांनी कळमेश्वरच्या एका माणसाकडून जुनी घेतली होती. तिचा एसी बंद होता, आणि दुसऱ्यांच्या गाड्यांमधून वेळ मिळाला नाही म्हणून तो दोन उन्हाळे बंदच राहिला. शेजारचा पंक्चरवाला रोज टोमणा मारायचा, "काहो भाऊ, दुनियेले थंडं करून राहिले, अन् सोताची गाडी भट्टी!" शेवटी गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी ती छपराखाली घेतली. मला सुट्टी होती, मी डबा घेऊन गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. कुठेही बुडबुडा नाही. कॉम्प्रेसर ठीक, इंजिनापुढची जाळी ठीक. दुसऱ्या दिवशी ते गाडीखाली झोपले आणि एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी बोट फिरवून बाहेर आले. बोट माझ्यापुढे धरलं. "पाय. पाणी नाही हे, तेलकट हाये. बाहीर कुठंच दिसत नाही, म्हणजे आतमंदी हाये." आत म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, कूलिंग कॉइलमध्ये. तिथे पोहोचायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी एका पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. ते पाहून ते एवढे खूष झाले की पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं.

पण त्या तीन दिवसांत मला दुसरंही दिसत होतं. चार स्क्रू काढले की ते टेकून बसायचे. ओठ पांढरे, पापण्यांच्या आत पांढरं. मोठ्या आईने मागे लागून आधीच्या आठवड्यात तपासण्या करून घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातल्या दवाखान्यातून त्यांची फाइल आणली. डॉक्टर परगावी होते. कंपाउंडरने फाइल आणि गोळ्या दिल्या आणि म्हणाला, सगळं लिहिलेलं आहे. दुकानात नवीन कॉइल बसून झाली होती, मशीन नुकतंच बंद केलं होतं आणि काचेवर टिकली लागली होती. अर्धा तास आमच्या हातात होता. ते पाय दुमडून बसले. "वाच वं बेटा. काय म्हणते डाक्तर?"

मी वाचलं. रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या आहेत, जेवणानंतर एक. आणि खाली, शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की शौचात रक्ताचा अंश सापडला आहे, आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. इंग्रजीत ती ओळ स्वच्छ होती, कागदासारखी. ती मराठीत कशी म्हणायची ते मला कळेना. संडास, गुदद्वार, तिथून आत नळी घालतात... हे शब्द मी आयुष्यात कुणासमोर उच्चारले नव्हते, आणि समोर मोठेबाबा होते. शेजारी पंक्चरवाला चहा पीत होता. माझे कान तापले. मी फाइल मिटली.

"बस?" त्यांनी विचारलं.

"बस. रक्त कमी आहे, एवढंच."

मनाशी म्हटलं, संध्याकाळी बाबांना सांगू. संध्याकाळी वाटलं, डॉक्टर आले की तेच सांगतील. मोठेबाबा मात्र परत गेलेच नाहीत, कारण गोळ्यांनी त्यांना बरं वाटू लागलं. त्या गोळ्यांनी म्हणे शौच काळंच होतं, त्यामुळे त्यांनाही काही वेगळं जाणवलं नसेल. हे मी नंतर वाचलं. ती फाइल माझ्या कपाटात राहिली. अर्ध्या तासाने सुई टिकलीपाशीच होती. त्यांनी गॅस भरला, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही रामटेकच्या रस्त्याने लांबवर जाऊन आलो. खिडक्या बंद करून. ते लहान मुलासारखे जाळीपुढे तोंड नेत होते. "पाय, कशी येऊन राहिली! आतलं सापडलं म्हणून."

जानेवारीत ते दुकानातच पडले. रक्त चढवलं. महिन्याने पुन्हा चढवलं. तिसऱ्या वेळी मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा आतड्यातला रोग यकृतापर्यंत गेला होता. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाले, वर्षभर आधी आले असते तर बरंच करता आलं असतं. यांना ही तपासणी कुणी कधी सुचवली नव्हती का? मी म्हटलं, माहीत नाही. हे दुसरं खोटं. पहिलं भिडेपोटी होतं. दुसऱ्याला तेवढंही कारण नव्हतं. शेवटच्या दिवसांत मोठेबाबा गुंगीतून जागे झाले की हाताला लावलेल्या रक्ताच्या पिशवीकडे बघायचे. एकदा हळूच म्हणाले, "भरून राहिले नुसतं. कुठून जाते, ते तं कोणी पायलंच नाही." मी पलंगाशेजारीच होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. तेव्हाही मी नुसती चादर सारखी केली.

दोन महिने होत आले. दुकान बंद आहे. बाबांनी हत्यारं घरी आणली, आणि गेज खालच्या खोलीत खिळ्याला टांगला आहे. सुई शून्यावर पडली आहे. तिच्यापासून दोन बोटं खाली, शेवटच्या कुठल्या तरी गाडीसाठी लावलेली टिकली तशीच आहे. मोठी आई आता टिकली लावत नाही. मी लाव म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे वं." त्या रंगाची घरात आता ती एकच उरली आहे.

मोठ्या आईला बारीक अक्षर दिसत नाही. दर रविवारी मी खाली जाऊन तिला पेपरची पुरवणी मोठ्याने वाचून दाखवते. पूर्वी मोठेबाबाही ऐकत बसायचे. तिला अजून यातलं काही माहीत नाही. ती शेजाऱ्यांना सांगते, "पोरीनं लय केलं त्यायचं. सगळे कागद तिनंच पायले." ते ऐकून मी वर निघून जाते. तिच्यासमोर बसून सांगायचा पुष्कळदा प्रयत्न केला, जमलं नाही. मला फक्त समोरचं वाचता येतं. म्हणून हे लिहून त्याच पुरवणीला पाठवते आहे. छापून आलं, तर त्या रविवारी ती भिंतीला टेकून, गेजच्या खाली बसेल आणि म्हणेल, वाच. याने मोठेबाबा परत येणार नाहीत, आणि ती मला कदाचित पुन्हा वाच म्हणणार नाही. पण शेवटच्या ओळीशी आल्यावर मी कागद मिटणार नाही. मोठी आई, त्या फाइलमध्ये खाली अजून एक ओळ होती.