पुण्याचा चोर, तेल्हाऱ्याची जीभ

ज्या वयात माणसं गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगत बसतात, त्या वयात तेल्हाऱ्याच्या दीपमालाबाई चोर धरायला निघाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी मुलांसाठी रहस्यकथा लिहायला घेतली. एका जुन्या संस्कृत नाटकातली राजाची हरवलेली अंगठी त्यांनी माशाच्या पोटातून काढली आणि थेट अचलपूरच्या एसटीत आणून टाकली. तिथं ती चोरीला जाते. चोर कोण? तर एक रुबाबदार पाहुणा. "मी पुण्याचा, वऱ्हाडात पहिल्यांदाच येतोय," असं तो ऐटीत सांगतो. पण तपासाला आलेल्या फौजदारीणबाई अचानक दरडावतात तेव्हा त्याची जीभ अस्सल वऱ्हाडीत घसरते, "मले काय माईत!" झालं, सोंग उतरलं!

अमरावतीच्या एका प्रकाशकानं गोष्ट मागितली होती. बाईंनी मनाशी ठरवलं, मुलांना चोर सापडला तरच पाठवायची. नाहीतर हा नादच सोडायचा.

रविवारी विहाराच्या ओट्यावर मुलं जमली. सहावीतल्या करिश्मानं बाईंनी नव्यानं उतरवलेली स्वच्छ प्रत खणखणीत वाचली. मग आरडाओरडा सुरू झाला.

"कंडक्टर!"

"नाही बे, मासेवाली!"

पाहुण्याचं नाव कुणी घेईना. शेवटी करिश्मा म्हणाली, "बाई, तुमचा चोर पळून गेला वाट्टे."

बाईंचा चेहरा पडला. त्या कागद गोळा करू लागल्या.

मागे बसलेले त्यांचे यजमान सुगतराव, जन्मभर एसटीत तिकिटं फाडलेला माणूस, मोठ्यानं म्हणाले, "काहून वं, घरी कच्चं वाचलं तवा तं मले चोर बरोबर सापडला होता. प्रत काढताना त्याले साबन लावून धुतलं का तुनं?"

बाईंनी पान उलटलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मला काय ठाऊक!'

तरुणपणी प्रशिक्षणाला गेल्या असताना पुण्याकडच्या मैत्रिणी त्यांच्या 'मले'वर खो खो हसल्या होत्या. तेव्हापासून लोकांसाठी स्वच्छ उतरवायला बसल्या की 'मले'चं 'मला' आपोआप व्हायचं. चोराला त्यांनी स्वतःच पळवून लावलं होतं!

बाई उठल्या. पदर खोचला, आवाज चढवला आणि तो प्रसंग स्वतः वाचला. फौजदारीण गरजली, पाहुणा थरथरला, "मले काय माईत!"

"हा तं आपल्याकडचा हाये!" ओटा दणाणला. "धरा त्याले!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण करिश्मा पुढं सरकली.

"आपलाच हाये तं सोडा ना बाई त्याले. अंगठी देऊन टाकीन तो."

"वा! चोरी करून वरून सुटका?" दुसरी एक मुलगी भांडायला उठली. दोन तट पडले. कुणी ऐकेना.

बाईंनी पेन काढलं आणि शेवटी दोन ओळी वाढवल्या. बेड्या घालण्याआधी फौजदारीण चोराला खाली बसवते, पाणी देते आणि विचारते, "कोनाचा रे तू?"

मग त्यांनी कागद पाकिटात घातले आणि वर अमरावतीचा पत्ता लिहिला.