आत्यानं मांडलेला पसारा

माझी आत्या परदेशात असते एवढं सांगितलं, की आमच्या गावातल्या लोकांच्या डोळ्यांपुढं गॉगल लावून गाडीतून उतरणारी बाई उभी राहते. आत्या तिथं एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरते. पाहुणे गेले की आत शिरायचं, पलंगावरची चादर ओढून काढायची, नवी घालायची आणि तिची टोकं गादीखाली इतकी घट्ट दाबायची, की रात्री पाहुण्याला पाय आत घालताना झटापट करावी लागावी. मग आरसा, नळ, कचऱ्याचा डबा आणि पुढची खोली.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, गोठवलेल्या मालाच्या गोदामात खोकी रचतात. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हा हे आत जाड कोट, कानटोपी आणि हातमोजे घालून उभे. दुपारी डबा खायला बाहेर आले की आधी डबा उन्हात ठेवतात, मग स्वतः शेजारी बसतात. त्यांना समुद्राचं वेड लागलं यात नवल नाही. "वर्षभर मी फ्रीजमध्ये असतो रे," ते म्हणतात, "सुट्टीत तरी बाहेर काढून ठेवा मला."

शिकायला म्हणून मी त्यांच्याकडं आलो आणि बाहेरच्या खोलीतला सोफा बळकावला. तेव्हापासून त्यांच्या सुट्ट्या मी जवळून बघतोय. सुट्टी जवळ आली की आतोबा नकाशा पसरतात. मग बंदर, मग लाँच, मग एखादं बेट. बेटावर वाळू, वाळूवर आतोबा. फोटोंत ते एकटेच असतात. टॉवेलवर आडवे आतोबा, गुडघाभर पाण्यात आतोबा, शिंपला कानाला लावलेले आतोबा. हे फोटो गावी पोचले की माझ्या बाबांचा मला फोन. "खरं सांग, दोघांचं बोलणं बंद आहे का? माझी बहीण एकाही फोटोत कशी नाही?"

बाबा, तुमची बहीण खोली आवरत असते.

एका सहलीला मलाही नेलं होतं, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी आतोबा टोपी घालून, अंगाला तेल चोपडून दारात उभे आणि आत्या पलंगावर गुडघे टेकून चादरीच्या सुरकुत्या काढतेय.

"अगं, हे हॉटेल आहे. इथं माणसं ठेवलीत त्या कामाला."

"माहितीये मला. मीच आहे ते माणूस."

"पण आज तू पाहुणी आहेस ना?"

"म्हणून काय घाण ठेवून जायचं? ती पोरगी काय म्हणेल आपल्याला?"

"ती पोरगी आपल्याला ओळखत सुद्धा नाही!"

"मग तर जास्तच," आत्या म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "ए ध्यान, उठ त्या गादीवरून. बसला बघ मांडी ठोकून, आत्ता सरळ केली होती मी."

यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. बॅगा कपाटात जातात, चपला जोडीनं भिंतीला लागतात, वापरलेले टॉवेल घडी होऊन न वापरल्यासारखे दिसायला लागतात. शेवटी किल्ली काउंटरवर जमा. कारण पाहुण्यांनी किल्ल्या खिशात घालून फिरू नये, असं आत्याचं ठाम मत आहे. तिच्या हॉटेलातल्या कितीतरी किल्ल्या समुद्राच्या तळाशी आहेत म्हणे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आतोबांचा जीव एका गोष्टीत अडकला होता. ते जातात त्यांतल्या एका बेटासमोर, थोड्या अंतरावर, आणखी एक पिटुकलं बेट आहे. सकाळी ओहोटी लागली की मधली वाळू उघडी पडते आणि चक्क वाट तयार होते. माणूस चालत पलीकडं जाऊ शकतो. मात्र थोड्याच वेळात पाणी परत चढतं आणि वाट बुडते. संध्याकाळी ती पुन्हा उघडते, पण तोवर अंधारून यायला लागतं. आतोबांना त्या वाटेवरून आत्याला घेऊन पलीकडं जायचं होतं. बस, एवढंच. दर वर्षी ते त्या बेटावर जायचे आणि दर वर्षी आत्या हात पुसत किनाऱ्यावर पोचेपर्यंत वाट पाण्याखाली गेलेली असायची.

"तुम्ही एकटे जाऊन या की," मी एकदा म्हणालो.

"एकटा जाऊन काय करू? तिथून हिला हात करू?"

या वर्षी मात्र गंमत संपली. गोदामातल्या गारठ्यानं आतोबांचे गुडघे धरले, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि दोघांनी गावी परत जायचं ठरवलं. कायमचं. म्हणजे ही त्या बेटाची शेवटची खेप. निघताना आतोबा बॅग उचलता उचलता म्हणाले, "या वेळी नाही झालं तर मग नाहीच."

आत्या म्हणाली, "होईल हो, केवढं ते तोंड पाडताय." तिला वाईट वाटलं असावं, कारण घरातला ओटा तिनं एकदाच पुसला.

माझी परीक्षा होती म्हणून मी मागं राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतोबांचा फोन आला.

"अरे, आमची खोली गेली."

"गेली म्हणजे? वाहून गेली?"

"दुसऱ्याला दिली! तुझ्या आत्याच्या कर्तबगारीनं!"

झालं होतं असं. सकाळी नेहमीचाच कार्यक्रम झाला. आत्यानं "हे एवढंच" म्हणत म्हणत अख्खी खोली लखलखीत केली, किल्ली काउंटरवर दिली आणि दोघं किनाऱ्यावर पोचले तेव्हा वाटेवर पाणी खेळत होतं. आतोबा दिवसभर वाळूत बसून राहिले. इकडं हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या मुलीनं दार उघडलं, आत पाहिलं. चादर ताठ, टॉवेलची चवड, बाथरूम कोरडं, सामान कुठं दिसत नाही. काउंटरवरच्या नव्या माणसाकडं किल्ली जमा. तिनं खाली सांगितलं, पाहुणे लवकर गेले, खोली तयार आहे. संध्याकाळी हे दोघं परतले तर खोलीत नुकतं लग्न झालेलं जोडपं, आणि त्यातली नवरी कपाट उघडून आत्याच्या गाऊनकडं बघत उभी.

"मग मॅनेजरला धरायचं ना चांगलं!" मी फोनवर तावातावानं म्हणालो.

"मी धरणारच होतो. पण तुझी आत्याच त्याच्या बाजूनं बोलायला लागली. म्हणते, त्या पोरीची काही चूक नाही, मी असते तर मीही हेच केलं असतं. वर त्या नवरीला विचारते, पलंग बरा आहे ना?"

मागून आत्याचा आवाज आला, "अहो, मग? नवीन संसार आहे त्यांचा. बाहेर काढायचं का?"

सुट्टीमुळं हॉटेल भरलेलं होतं. मागच्या बाजूला एकच खोली शिल्लक होती, ती पण न आवरलेली. कॉलेजची चार-पाच पोरं राहून दुपारी निघून गेली होती आणि कामवाली मुलगी आता सकाळी उशिरा येणार होती. मॅनेजरनं मान खाली घालून दार उघडलं. जमिनीवर वाळू, खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी राहिलेला मोजा, आरशावर बोटानं काढलेला मासा, उशा एकीकडं, अभ्रे दुसरीकडं.

"तुझ्या आत्याचे डोळे असे चमकले," आतोबा हताश आवाजात म्हणाले, "की लग्नात हार घालताना सुद्धा चमकले नव्हते."

"मग आता काय चाललंय?"

"आता ती मॅनेजरकडून झाडू मागून घेतेय. ठेवतो फोन. मला बादली धरायला बोलावलंय."

पुढचं मला त्यांच्या घरातल्या स्वयंपाकघरात कळलं. गावी न्यायची खोकी बांधता बांधता दोघांनी एकमेकांचं वाक्य तोडत सांगितलं, त्यामुळं काही ठिकाणी आत्याचं खरं आहे आणि काही ठिकाणी आतोबांचं.

रात्री झोपायच्या आधी ती खोली तिच्या मालकालाही ओळखू आली नसती. आत्या खूश, आतोबा गुडघे चोळत बसलेले. पहाट होऊन उजाडलं. ही शेवटची सकाळ, कारण दुसऱ्या दिवशीची लाँच भल्या सकाळीच सुटणार होती. आतोबा टोपी घालून दारात आले. आत्याही उठून, तोंड धुऊन तयार. खोली कालच आवरून झालेली असल्यामुळं काही करायचं शिल्लक नव्हतं. तिनं चादरीवरून हात फिरवला आणि पायात चपला घातल्या. आतोबांना वाटलं, देव पावला.

उंबऱ्यावर येऊन आत्या थांबली. वळून खोलीकडं पाहत राहिली.

"आता काय?"

"अहो, ही पण जाईल."

"कोण जाईल?"

"खोली. बघा ना कशी दिसतेय. कुणी राहतंय असं वाटतंय का? ती पोरगी येणार, दार उघडणार आणि खाली जाऊन सांगणार."

"आपण किल्ली बरोबर नेऊ!"

"तिच्याकडं दुसरी असते. माझ्याकडं पण असते."

"काउंटरवर सांगून जाऊ."

"काउंटरवर आत्ता कोण आहे? आणि आपण तीन दिवस राहणार हे आल्या आल्या सांगितलं होतं, त्याचं काय झालं?"

आतोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. पाणी मागं सरलं होतं, वाळूची पिवळी रेघ पार पलीकडं पोचली होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बायकोच्या कामात हात घातला. पलंगावरची चादर धरली आणि खस्सकन ओढली.

"अहो!" आत्या किंचाळली.

"झाला पसारा. चल."

"हा पसारा आहे? एका बाजूनंच ओढलीत. चोर येऊन गेल्यासारखं वाटतंय. सरका."

आणि आत्या पसारा करायला लागली. वर्षानुवर्षं तिनं लोकांचे पसारे आवरले होते, त्यामुळं माणसं कशी पसरतात हे तिला तोंडपाठ. उठलेल्या माणसाची चादर पायाकडं गोळा होते, ती तशी केली. एक उशी उभी, एक आडवी, आडवीला मधोमध डोक्याचा खड्डा. आतोबांनी मदत म्हणून टॉवेल खुर्चीवर टाकला.

"घडी घालून कोण टाकतं टॉवेल?" तिनं तो उचलला, बाथरूमच्या दाराशी गेली, ओला केला, पिळला आणि खांद्यावरून मागं न बघता भिरकावला. अर्धा पलंगावर, अर्धा जमिनीवर. "हं. असा."

"छान. चल आता."

"थांबा, पेल्यात थोडं पाणी ठेवते. पुरं नाही संपवत कुणी."

"अगं बाई, ओहोटी संपेल! पसारा तरी नीट करू नकोस!"

"एकच चप्पल... एकच ठेवा तुमची इथं मधे. दुसरी त्या तिथं. हां, उलटी."

"आणि मी काय घालू?"

"वाळूतनं जायचंय ना? अनवाणी चला."

शेवटी आतोबांनी दंड धरून तिला बाहेर ओढलं. लग्नानंतर असं भर रस्त्यात हाताला धरून ते पहिल्यांदाच चालले, असं आत्या म्हणते. धरलं नव्हतं, खेचलं होतं, असं आतोबांचं म्हणणं आहे. ते काही असो, किनाऱ्यावर पोचले तेव्हा वाट उघडी होती. ओली, कडक आणि मधे मधे घोट्याएवढं पाणी.

अर्ध्या वाटेपर्यंत आत्या मागं वळून वळून हॉटेलकडं पाहत होती. "आरशाला बोटं लावायची राहिली," असंही म्हणाली. पुढं पाणी दोन्ही बाजूंनी जवळ आलं, तेव्हा तिनं साडी खोचली, समोर पाहायला लागली आणि नंतर आतोबांच्या पुढंच गेली.

आता त्या बेटाचं. इतकी वर्षं आतोबांनी जे मनात धरलं होतं, ते बेट म्हणजे चार खडक, थोडी झुडपं आणि आमच्या गावातल्या पाण्याच्या टाकीखाली मावेल एवढी वाळू. आतोबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"एवढंच?" आत्यानं विचारलं.

"एवढंच दिसतंय."

"बरं आहे. झाडायला काही नाही."

ती वाळूत बसली. खाली काही अंथरलं नाही, वाळू झटकली नाही. पिशवीतून पाण्याची बाटली आणि बिस्किटं काढून मधे ठेवली, पाय लांब केले, मग कोपरावर रेलली आणि बोलता बोलता झोपली. तोंड थोडं उघडं, केसांत वाळू.

आतोबा बिस्किट हातात धरून बघत बसले. त्यांनी आत्याला दिवसा झोपलेलं पाहिलंच नव्हतं. ती रोज त्यांच्यानंतर झोपते आणि त्यांच्याआधी उठते, त्यामुळं ती झोपते हेही त्यांना ऐकूनच माहीत होतं म्हणायचं. मागं वाट अरुंद होत चालली होती. ते उठले, वाटेकडं गेले, परत आले. खाली वाकून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. परत वाटेकडं गेले. ती आता पिवळ्याची हिरवी झाली होती. आतोबा येऊन आपल्या जागेवर बसले.

आत्याला जाग आली तेव्हा चहूकडं पाणी होतं.

"अहो, वाट कुठंय?"

"गेली."

"गेली? मग मला उठवलं का नाही?"

आतोबा पायानं वाळू उकरत बसले.

"आता परत कधी उघडणार?"

"संध्याकाळी."

"तोपर्यंत काय करायचं?"

"काही नाही."

आत्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खडक होते तसे होते, वाळू होती तशी होती. तिनं एकदा हॉटेलच्या दिशेनं मान वळवली, पण इथून कुठली खिडकी आपली ते कळत नव्हतं. मग ती पुन्हा आडवी झाली आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाली, "मग जरा इकडं सरका. तुमची सावली पडू दे तोंडावर."

आतोबा सरकले. ऊन फिरलं तसे पुन्हा सरकले, आणि संध्याकाळपर्यंत दुखऱ्या गुडघ्यांवर थोडं थोडं सरकत राहिले.