नंबरप्लेटवरचा हार

डोंबिवलीत कलावतीबाईंची शाळेची पिवळी व्हॅन ज्याला ठाऊक नाही, तो एक तर नुकताच राहायला आला असेल, नाहीतर त्याला मुलंबाळं नसतील. नवरा गेल्यावर बाईंनी स्टिअरिंग धरलं ते धरलंच. आधी लोकांनी नावं ठेवली, मग त्याच लोकांनी आपली पोरं त्यांच्या गाडीत बसवली. फक्त बाईंचा स्वतःचा विनीत शाळेत चालत जायचा. व्हॅनमधली जागा न् जागा भाड्याची, त्याला कुठे बसवणार? तो कधी कुरकुरला नाही. पण रस्त्याच्या कडेने हात हलवत जाणारं ते पोर आरशात दिसलं, की बाईंचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा.

हाच विनीत पुढे न्यूझीलंडला नोकरीला लागला. त्याच्या बायकोचे, सान्वीचे, दिवस भरत आले तेव्हा बाई मदतीला गेल्या. विनीतचं काम लांबच्या गावी, तो शनिवारीच घरी यायचा. सान्वीला डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. आपलं लायसन्स तिथे काही महिने चालतं आणि गाड्याही डावीकडूनच जातात, हे कळल्यावर बाईंनी पदर खोचला.

"आई, हे डोंबिवली नाहीये," विनीत म्हणाला. "कोणी झेब्रावर पाय ठेवला की थांबायचं. उगाच हॉर्न नाही मारायचा. पहिला फाइन आला ना, की चावी परत. सान्वीच्या बाबतीत मी रिस्क नाही घेणार."

बाईंनी मान डोलावली. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे डोंबिवलीकराला पचणं सोपं नव्हे, पण त्यांनी पचवलं. हात मात्र सारखा हॉर्नकडे जायचा. शेवटी त्यांनी हॉर्नवरच हळदीकुंकू लावलं. हळदीकुंकवावर बुक्की कोण मारणार? हॉर्न गप्प झाला.

मग आला दसरा. दसऱ्याला गाडी बिनहाराची कशी राहील? शेजारच्या गोऱ्या आजींकडून केशरी फुलं मागून आणून बाईंनी घसघशीत हार ओवला, गाडीच्या पुढे बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सान्वीला तपासणीला घेऊन निघाल्या. अर्ध्या वाटेत पोलिसांनी अडवलं. पोलीसबाई उतरली, हार बघून हसली, फार सुंदर आहे म्हणाली आणि पावती फाडली. हार थेट नंबरप्लेटवर लोंबत होता, नंबर दिसतच नव्हता. आपल्याकडे असता तर हवालदारानेही नमस्कार केला असता!

बाईंचा चेहरा उतरला. दंडाचं काही नाही, चावी गेली याचं दुःख. पोलीसबाई मात्र लगेच गेली नाही. ती खाली वाकली, एकही फूल तुटू न देता हाराची गाठ सोडवली आणि बाळासाठी मागे आधीच बसवून ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर तो हार अलगद ठेवला. कलावतीबाईंनी आजवर पोलिसाला हात जोडले होते ते सुटका व्हावी म्हणून. आज पावती हातात असताना जोडले, आणि अगदी मनापासून.

शनिवारी विनीत आला तसं त्यांनी पावती आणि चावी टेबलावर ठेवली. "माझं चुकलं रे. ही घे चावी."

त्याने हात पुढे केला, पण सान्वीचा हात आधी पोचला. तिने चावी उचलून सासूच्या मुठीत दाबली.

"आई, मला हॉस्पिटलला तुम्हीच न्यायचं. हार कुठे बांधायचा ते कळलंय आता. तुमच्या गाडीत मी चक्क झोपते. याच्या शेजारी बसले की डोळा मिटायची हिंमत होत नाही."

विनीतने पुढे केलेला हात मागे घेतला. बाईंना मात्र भरून आलं. सुनेचे हे उपकार कुठे फेडायचे, असं त्यांना वाटून गेलं.

पुढे सान्वीला कळा सुरू झाल्या तेव्हा बाईंनीच तिला नेलं, आणि नातीला घरी आणतानाही गाडी त्यांच्याच हातात होती. सान्वी पुढे बसली. विनीत मागे, लेकीच्या खुर्चीला खेटून.

"आई," तो म्हणाला, "तुझ्या गाडीत मला सीट मिळाली गं एकदाची."

बाईंनी आरशात पाहिलं. पोरगं हसत होतं. पुढचा रस्ता एकदम धूसर झाला. त्यांनी सिग्नल दिला, नियमाप्रमाणे गाडी कडेला घेतली, पदराने डोळे पुसले आणि मगच पुढे निघाल्या.